यीस्टच्या पेशीचा सूर: ही कला आहे की नुसता आलेख?

कानसेन:
काल रात्री हेडफोन लावून 'द डार्क साइड ऑफ द सेल' ही यीस्टच्या पेशींच्या आवाजांची रचना परत ऐकली आणि राहवेना, म्हणून हा धागा. माहीत नसेल त्यांच्यासाठी: लॉस एंजेलिसला यूसीएलए विद्यापीठात जेम्स गिमझेव्स्की यांच्या लॅबमधे अँड्र्यू पेलिंगने यीस्टच्या जिवंत पेशीवर अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची (अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या यंत्राची) सुई टेकवली, नुसती टेकवली, टोचली नाही, तर पेशीची भिंत सेकंदाला हजारेक वेळा वरखाली होताना सापडली. ती हालचाल जेमतेम ३ नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग). २००४ मधे 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत हे छापून आलं आणि त्याच वर्षी आन नीमेट्झ आणि पेलिंग यांनी ती कंपनं ऐकू येतील अशी करून त्यांतून ध्वनी आणि चित्रांची ही रचना उभी केली. माझं म्हणणं एवढंच की इथे सूर कलाकाराने लावलेला नाही, तो पेशीचा आहे, आणि सिंथेसायझरवरच्या कुठल्याही प्रयोगापेक्षा मला तो जास्त जिवंत वाटतो.

सरळरेघ:
नाही पटलं. पेशी गात नाही. सुई हलते, तिचा आलेख निघतो, तो स्पीकरला जोडला की आवाज येतो. उद्या शेअर बाजाराचा आलेख जोडा, तोही वाजेल, मग दलाल स्ट्रीट गाते म्हणायचं का? आणि अल्कोहोल टाकल्यावर पेशी 'किंचाळतात' हे जे तेव्हा छापून आलं त्याचा मला खरंच त्रास होतो, कारण ऐकणारा दुःख ऐकून घरी जातो आणि तिथे दुःख नसतंच.

कानसेन:
'किंचाळतात' हा शब्द मलाही नको. पण शेअर बाजाराशी तुलना चूक आहे. बाजाराचा सूर तुम्ही ठरवता, म्हणजे भाव वाढला की वरचा स्वर वगैरे. यीस्टचं कंपन मुळातच ८०० ते १६०० हर्ट्झ, आपल्या कानाच्या टप्प्यातलं, म्हणजे बरोबर एक सप्तक. पट्टी बदलावीच लागत नाही, फक्त आवाज मोठा करायचा. उलट कॉर्नेल विद्यापीठाची नॅनो गिटार बघा, १९९७ ची, सिलिकॉनची, लांबी १० मायक्रोमीटर, तारा ५० नॅनोमीटर रुंद. २००३ ला त्यांनी पाचेक पट मोठी नवी बनवून लेझरने छेडली तर स्वर आला साध्या गिटारच्या १७ सप्तकं वर, कुणालाच ऐकू न येणारा. आपल्या कानावर पडतो तो खाली आणलेला. तिथे तुमचा आक्षेप मला मान्य.

षड्ज:
मी तानपुऱ्याच्या बाजूने बोलते. मिरजेला जवारी लावताना समोर बसून पाहिलंय. तारेखाली, घोडीवर, सुताचा दोरा केसभर पुढेमागे सरकवतात, मधेच थांबून तार छेडतात, परत सरकवतात, आणि एका जागी अचानक तो भरलेला, गुंजणारा आवाज फुटतो. आता तो आवाज तारेचा की घोडीचा? दोघांच्या स्पर्शाचा! यीस्टचंही मला तेच वाटतं. सुई किती दाबाने टेकवायची, कुठल्या पेशीवर, हे हाताने ठरवलेलं आहे, म्हणून सूर निव्वळ पेशीचा नाही आणि निव्वळ आलेखही नाही.

सरळरेघ:
हे आवडलं, पण जवारीवाला स्वतःच्या कानाने ऐकत असतो. इथे आधी मशीन ऐकतं. म्हणून मला कलाकार व्हिक्टोरिया वेस्ना आणि गिमझेव्स्की यांची 'ब्लू मॉर्फ' ही कलाकृती जास्त पटते. मॉर्फो फुलपाखराच्या कोषातली कंपनं मोजली, तर बदल संथपणे, सलग होत नाही, उसळीउसळीने होतो, मधे मधे पूर्ण शांतता. ती शांतता त्यांनी रचनेत ठेवली. वर तो निळा रंगही रंगद्रव्याचा नाही, पंखावरच्या खवल्यांच्या नॅनो रचनेतून निघतो, म्हणजे नॅनो हा तिथे विषयच आहे, नुसतं यंत्र नाही.

कानसेन:
शांतता यीस्टमधेही आहे की! 'सायन्स'मधल्या शोधनिबंधातला तो भाग वाचा. चयापचय थांबवणारं रसायन पाण्यात सोडलं आणि ते कंपन बंद पडलं. सुई तिथेच, पेशी तिथेच, मायक्रोस्कोप चालू. माझ्यासाठी पुरावा तोच, कारण आवाज यंत्राचाच असता तर तो वाजतच राहिला असता.

षड्ज:
सरळरेघ, याचं उत्तर द्या आता. मी दोन्ही परत ऐकायला बसतेय, यावेळी डोळे मिटून.