सगळे बाहेर पडले तरी लॉक फाइल तशीच राहते, दुसऱ्याला डेटाबेस उघडत नाही

प्रश्न (नवा_क्वेरीवाला):
अ‍ॅक्सेसचा (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) एकच .एसीसीडीबी डेटाबेस शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलाय. सहा जण तोच उघडतात. कधीकधी पहिला माणूस आत गेला की दुसऱ्याला 'फाइल आधीच वापरात आहे' येतं. संध्याकाळी सगळे बाहेर पडल्यावरही .एलएसीसीडीबी फाइल (कोण आत आहे याची नोंद ठेवणारी लॉक फाइल) तिथेच. ती रोज डिलीट करावी का? आणि टेबलं वेगळी काढून लिंक केली तर फरक पडेल का?

उत्तर (बॅकएंड_बघ्या):
लॉक फाइल डिलीट करणं म्हणजे दुखण्याऐवजी तापमापक फोडणं. ती पहिला वापरकर्ता आत शिरताना तयार होते आणि शेवटचा बाहेर पडला की आपोआप जाते. जात नसेल तर बहुतेक वेळा फोल्डरवर डिलीटची परवानगी नसते. फाइलवर नव्हे, फोल्डरवर. वाचणे, लिहिणे, नवी फाइल बनवणे आणि पुसणे या चारही परवानग्या सहाही जणांना हव्यात. 'तयार करण्याची' परवानगी नसलेला माणूस पहिला शिरला, तर लॉक फाइल बनतच नाही, डेटाबेस एकट्यापुरता उघडतो आणि बाकीचे बाहेर. 'कधीकधी' होतं ते त्यामुळेच असावं: कोण आधी आला, त्यावर अवलंबून.

परवानग्या ठीक असूनही फाइल राहिली, तर कुणाचं तरी अ‍ॅक्सेस क्रॅश झालंय किंवा मागे चालू आहे. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स इथे पाहा.

उत्तर (नोटपॅडप्रेमी):
लॉक फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, गंमत आहे. दर नोंदीला ६४ बाइट: पहिल्या ३२ मध्ये संगणकाचं नाव, पुढच्या ३२ मध्ये सुरक्षा-नाव, जे बहुधा सगळ्यांचं 'अ‍ॅडमिन'च असतं. फाइल १९२ बाइटची असेल तर तीन नोंदी. पण तीन नोंदी म्हणजे आत्ता तीन जण आत, असं नाही. निघून गेलेल्याची नोंद तिथेच राहते आणि ती जागा पुढचा कोणी वापरतो. म्हणून नाव दिसलं की लगेच त्या माणसावर खापर फोडू नका.

उत्तर (बॅकएंड_बघ्या):
बरोबर. आता लिंकचं. डेटाबेस नक्की विभागा: टेबलं असलेली फाइल म्हणजे बॅक-एंड सर्व्हरवर, आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट असलेली फ्रंट-एंड प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र प्रत. एकच फ्रंट-एंड शेअर केलीत तर विभागूनही दुखणं तेच. लिंक करताना झेड ड्राइव्ह वापरू नका, एका संगणकावर झेड तर दुसऱ्यावर वाय असतो. दोन उलट्या तिरप्या रेघांनी (\\) सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पथ द्या.

बॅक-एंड हलवली की लिंकांचा पथ बदलायला लिंक्ड टेबल मॅनेजर आहेच. व्हीबीएमधून (म्हणजे आतला कोड लिहून) करायचं तर प्रत्येक टेबलडेफची, म्हणजे टेबलाच्या व्याख्येची, कनेक्ट प्रॉपर्टी (लिंक कुठे जाते ते) बदलून रिफ्रेशलिंक. मात्र आधी तपासा: कनेक्ट रिकामी असेल तर ते स्थानिक टेबल, ओडीबीसी (दुसऱ्या डेटाबेसशी जोडणी) किंवा एक्सेल असेल तर ती दुसरीच लिंक. फक्त ';डेटाबेस=' ने सुरू होणाऱ्यांनाच हात लावा. सरसकट लूप फिरवला की एक्सेलच्या लिंकाही बिघडतात.

उत्तर (नवा_क्वेरीवाला):
विभागलं, परवानग्याही दिल्या. लॉक फाइल आता जाते. पण दुसरा माणूस आत आला की फॉर्म उघडायला फार वेळ लागतो.

उत्तर (बॅकएंड_बघ्या):
फॉर्म बंद झाला की बॅक-एंडशी जोडणी तुटते, पुढचा उघडताना पुन्हा जुळते, लॉक फाइलशीही दर वेळी देवघेव होते. सुरुवातीलाच एक लपवलेला फॉर्म उघडा, जो बॅक-एंडमधल्या एका ओळीच्या लहानशा टेबलला बांधलेला असेल, आणि अ‍ॅक्सेस बंद होईपर्यंत तसाच राहू द्या. जोडणी टिकली की बराच फरक पडतो. तोटा एकच: कॉम्पॅक्ट अँड रिपेअरसाठी (फाइल आवळून दुरुस्त करणं) बॅक-एंड एकट्याच्या ताब्यात हवी, तेव्हा सगळ्यांना बाहेर काढा.

उत्तर (लॉकमोज्या):
पुढे मोठी अपडेट क्वेरी चालवताना त्रुटी ३०५२ आली, तर घाबरू नका. फाइलमागे ९५०० लॉकची मूळ मर्यादा ओलांडलेली असते. व्हीबीएत डीबीइंजिनच्या सेटऑप्शनने मॅक्सलॉक्सपरफाइल २००००० करा. ती त्या सत्रापुरतीच राहते, रजिस्ट्रीला धक्का लागत नाही.

आणि बॅक-एंड क्लाउड-सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथे प्रत्येकाकडे वेगळी प्रत असते, त्यामुळे लॉकला अर्थच उरत नाही, आणि दोघांचे बदल एकमेकांवर चढतात.