आधी वर्ख, मग रंग

हाताने सुलेखन केलेल्या पानावर रंग भरून झाल्यावर सोन्याचा वर्ख लावला की तो नको तिथे चिकटतो, ही तक्रार खरी आहे, पण त्यात क्रमच उलटा झालाय. आधी अक्षरं, मग गेसो (वर्खाखालचा जाडसर लेप), त्यावर वर्ख, घोटाई (घासून चमक आणणं) आणि शेवटी रंग. रंगातला डिंक दमट हवेत ओल धरतो आणि वर्ख पकडतो.

गेसोत विझवलेलं प्लास्टर (भरपूर पाण्यात ढवळत ठेवून घट्ट न होणारं केलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस), सरस, थोडी साखर आणि चिमूटभर तांबडी माती. (जुन्या कृतींत शिशाचा सफेदा असतो, तो विषारी, कोरडा खलू नका.) साखर ओल धरते, म्हणून वाळलेला गेसो श्वासाने पुन्हा चिकट होतो. ती जास्त पडली तर पावसाळ्यात तो नीट वाळतच नाही. सरस जास्त झाला तर गेसो तडकतो. कागदी नळीतून गेसोवर उबदार श्वास सोडा, फुंकर नको. लगेच वर्ख ठेवून ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागदावरून दाबा, मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटा. मिठाईचा चांदीचा वर्ख मुळीच नको, काळा पडतो.

दर सांगताना वर्खाचा खर्च वेगळा धरा. दोन थर लागतात, कडांचे तुकडे वाया जातात. आणि सुरुवातीलाच अंतिम मजकुरावर ग्राहकाची सही घ्या. सोनं चढल्यावर नावातली वेलांटी बदलायची म्हटलं तर बहुतेक वेळा पान नव्यानेच लिहावं लागतं.