हल्ली काय पाहिलंत? मत सांगा, आणि कसं पाहिलंत तेही सांगा

रीळबदल
काल एका जुन्या सिनेमाच्या प्रतीत उजव्या वरच्या कोपऱ्यात तो गोल ठिपका चमकून गेला आणि प्रोजेक्टरची खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. रीळ संपायला साधारण आठ सेकंद उरले की पहिला ठिपका: दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करा. शेवटच्या सेकंदाला दुसरा: आता बदला. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, २००० फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. एका सिनेमात पाच-सहा वेळा हे करायचं, तेही खाली बसलेल्या कुणाला कळू न देता.

आता ते काम घरोघरी रिमोट धरणाऱ्याकडे आलंय. नव्या सिनेमांबद्दलच्या मतांत तीन वाक्यं सारखी येतात: "संवाद ऐकूच येत नाहीत", "सगळा अंधार", "मालिकेसारखा दिसतो". यातला बराच दोष सिनेमाचा नसून सेटिंगचा असतो, आणि शिव्या दिग्दर्शकाला बसतात. म्हणून हा धागा. मत जरूर लिहा, पण कशावर पाहिलात, काय खटकलं आणि ते कसं सुटतं, हेही लिहा.

मालिकेसारखा दिसण्याचं मी सांगतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, टीव्ही चित्र बदलतो ६० किंवा १२० वेळा. मधल्या जागा भरायला टीव्ही स्वतःच्या अंदाजाने फ्रेम बनवतो. त्यामुळे हालचालीतला नैसर्गिक पुसटपणा जातो आणि सगळं स्टुडिओत व्हिडिओवर घेतल्यासारखं गुळगुळीत दिसतं. ओळखायची खूण: कुणाचा हात चेहऱ्यासमोरून जाताना बघा. बोटांच्या कडेला मागची भिंत पाण्यासारखी लपलपली, तर ते चालू आहे. सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' किंवा 'ऑटो मोशन प्लस'. बंद करा. २०१९ नंतरच्या बऱ्याच टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' आहे, तो निवडला की हे आपोआप बंद होतं. एक लक्षात ठेवा: साध्या चित्राची, एचडीआरची (उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असलेलं चित्र) आणि डॉल्बी व्हिजनची (एचडीआरचाच एक प्रकार) सेटिंग बहुतेक टीव्हींत वेगवेगळी साठवली जातात. एकदा बंद करून भागत नाही, तिन्हींत जाऊन बंद करावं लागतं.

खिडकीजवळची_खुर्ची
वाचनखूण साठवली. घाईत आहे, पण एक शंका. ते बंद केलं की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. मग काय करायचं?

रीळबदल
ताई, ६० मध्ये २४ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असं दाखवतात. अडखळणं तिथून येतं. स्ट्रीमिंगच्या डब्यात किंवा स्टिकमध्ये 'मॅच फ्रेम रेट' असं काही असेल तर चालू करा. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल तर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा येते आणि प्रश्न मिटतो. तरीही ओलेड पडद्यावर कॅमेऱ्याचं संथ आडवं फिरणं थोडं तुटतं, कारण त्याचे पिक्सेल क्षणात बदलतात, मागची फ्रेम जराही रेंगाळत नाही. तिथे 'डी-जडर' (अडखळणं कमी करणारं सेटिंग) १० पैकी २ किंवा ३ वर ठेवा. त्याच्या वर गेलात की पुन्हा मालिका.

मधला_स्पीकर
संवादांबद्दल मला लिहायचंच होतं. आत्ताच गाजलेला एक सिनेमा "पुटपुटतात नुसते" म्हणून लोकांनी अर्ध्यावर सोडला. त्याचं ध्वनिमिश्रण उत्तम आहे. बिघडतं ते घरी.

थिएटरच्या मिश्रणात बहुतेक संवाद एकट्या मधल्या वाहिनीत (पडद्यामागच्या मधल्या स्पीकरला जाणाऱ्या आवाजात) असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, म्हणून मधली वाहिनी ३ डेसिबलने कमी करून डाव्या-उजव्यात मिसळतात. मग संवाद, संगीत आणि पाऊस सगळं त्याच दोन छोट्या स्पीकरमधून येतं, आणि ते स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. शिवाय थिएटरात आवाजाची शिखरं प्रत्येक मुख्य वाहिनीत १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. घरी कुणी तेवढ्यावर लावत नाही. स्फोट सहन होईल इतका आवाज कमी केला की कुजबुज जमिनीत जाते.

काय करायचं ते क्रमाने. आधी भाषा निवडायच्या यादीत बघा, '५.१' (सहा वाहिन्यांचा आवाज) च्या शेजारी साधा स्टिरिओ ट्रॅक आहे का. दोनच स्पीकर असतील तर तो घ्या. नसेल तर टीव्हीच्या ध्वनी-आउटपुटमध्ये 'पीसीएम' निवडा. संगीत भरघोस आणि माणसं विहिरीतून बोलल्यासारखी, असं असेल तर जवळजवळ खात्रीने मधली वाहिनी वाटेत हरवतेय. डबा ५.१ पाठवतोय आणि पुढच्या यंत्राला ते नीट मिसळता येत नाहीये.

मग 'व्हर्च्युअल सराउंड' बंद. तो दोन स्पीकरमधून खोलीभर आवाज पसरवायला ध्वनीच्या लहरी (फेज) मागेपुढे करतो आणि पहिला बळी आवाजातल्या स-श-च-त चा जातो.

त्यानंतर 'नाईट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज कंप्रेशन'. हा मोठा आवाज दाबतो, बारीक वर आणतो. रात्री घरात कुणी झोपलं असेल तर उपयोगी. पण रोज लावू नका, कारण शांततेचा ताण निघून जातो. 'डायलॉग एन्हान्सर' पहिल्या पायरीवर चालतो, तिसऱ्या पायरीवर सगळे फोनवरून बोलल्यासारखे वाटतात.

साउंडबार घेणार असाल तर २.१ नको, ३.१ घ्या. पहिला आकडा तीन म्हणजे संवादाला स्वतंत्र स्पीकर. ठेवताना टेबलाच्या पुढच्या कडेला आणा. आत सरकवलेला असेल तर आवाज टेबलाच्या फळीवर आपटून गढूळ होतो.

पायरी_पायरीने
+१. टेबलाच्या कडेचं कुणी सांगत नाही. बस आली, बाकीचं नंतर.

काळोखातले_रंग
अंधाराबद्दल एक सरळ उपाय: ब्राइटनेस वाढवा, ५० असेल तर ६० करा.

निट_मोजणारा
दादा, रागावू नका, पण तेवढं करू नका. बऱ्याच टीव्हींत 'ब्राइटनेस' म्हणजे उजेड नसतो, काळ्याची पातळी असते. ती वाढवली की काळं करडं होतं, सिनेमावर धुकं येतं आणि अंधारातलं काही जास्त दिसत नाही. उजेड म्हणजे 'बॅकलाइट' किंवा 'ओलेड लाइट'. (नव्या सोनीत मात्र ब्राइटनेस म्हणजेच बॅकलाइट, आणि काळ्यासाठी वेगळी 'ब्लॅक लेव्हल'. घोळ इथूनच होतो.)

काळ्याची पातळी लावायची तर खोलीतले दिवे घालवा, वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावा, पातळी वाढवत न्या. पट्ट्या करड्या दिसायला लागल्या की थांबा आणि त्या पुन्हा काळ्या होईपर्यंतच मागे या. त्याहून खाली नेलंत तर काळ्या कोटाच्या घड्या आणि सावलीतले केस गायब.

आता अंधाराची खरी कारणं. पहिलं, वीजबचत आणि खोलीचा उजेड मोजणारा सेन्सर. दिवे घालवले की तो चित्रही मंद करतो. बंद करा. दुसरं, एचडीएमआयची रेंज. सिनेमाचा व्हिडिओ काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ मध्ये असतो, कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतो. कॉम्प्युटर पूर्ण पाठवतोय आणि टीव्ही मर्यादित समजतोय, तर १६ च्या खालचं सगळं ठार काळं. दोन्हीकडे एकच निवडा, बस. उलटी चूक झाली तर चित्र फिकं, धुतल्यासारखं.

तिसरं एचडीआर, आणि इथे सर्वांत जास्त लोक फसतात. साधं चित्र १०० निटला (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) धरून बनतं, एचडीआर १००० किंवा ४००० निटच्या पडद्यावर रंगवलेलं असतं. स्वस्त टीव्ही खोक्यावर एचडीआर लिहितो, पण देतो जेमतेम ३०० निट. मग सूर्य आणि दिवे मावावेत म्हणून तो बाकी सगळं खाली दाबतो. वर एचडीआरमध्ये प्रत्येक छटेचा उजेड ठरलेला असतो, खोलीत ऊन असलं तरी चित्र त्याप्रमाणे वाढत नाही. अशा टीव्हीवर एचडीआर बंद करून साधी आवृत्ती पाहिलेली बरी. डॉल्बी व्हिजनमध्ये 'ब्राइट' आणि 'डार्क' असे दोन प्रकार असतील तर दिवसा ब्राइट.

काळोखातले_रंग
राग कसला, बरं झालं सांगितलंत. माझं वरचं कुणी करू नका. धुक्याच्या दृश्यात पायऱ्या-पायऱ्या दिसतात, तेही काळ्याच्या पातळीमुळेच का?

निट_मोजणारा
ते वेगळं. ती डेटाची काटकसर. स्ट्रीमिंगला ४के साठी सेकंदाला १५ मेगाबिटच्या आसपास वेग लागतो. ४के ब्लू-रे चकती १०० च्या वर जाऊ शकते. थिएटरची डिजिटल प्रत २५० पर्यंत, तीही प्रत्येक फ्रेम वेगळी दाबलेली. धुकं, पाणी, धूर आणि अंधार ही दाबायला सर्वांत अवघड दृश्यं, म्हणून तिथेच चौकोन आणि पायऱ्या दिसतात. ॲपमध्ये 'डेटा सेव्हर' चालू आहे का बघा, टीव्हीला वायफायऐवजी केबल जोडा. वेग पुरेसा असूनही पायऱ्या दिसल्या तर ती प्रतच तशी आहे.

ओठांकडे_लक्ष
फोनवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आवाज आणि ओठ जुळत नसतील तर प, ब, म कडे बघा. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, फरक लगेच पकडता येतो. डब केलेल्या सिनेमात ओठांवर विश्वास नको, तिथे दारावरची थाप किंवा टेबलावर ठेवलेला पेला बघायचा.

आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवतो, पण १२५ उशिरा आला तरी चालून जातं. लांबून येणारा आवाज उशिराच पोचतो, त्याची आपल्याला सवय आहे. ब्लूटूथ हेडफोन सहज १५० ते २५० ने मागे पडतात. आणि टीव्हीतलं 'एव्ही सिंक' बहुतेक वेळा आवाज फक्त आणखी मागे ढकलू शकतं, पुढे आणू शकत नाही. आधीच उशिरा येणाऱ्या आवाजावर ते लावलं की जास्तच बिघडतं. वायरचा हेडफोन लावा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअर असेल तर विंडोजमध्ये जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढेमागे होतो.

तळओळ
आणि जी-एच नी सबटायटल. एच दाबलं की उशिरा, जी दाबलं की लवकर.

पण आधी कुठली चूक आहे ते बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर या कळा पुरेत. सुरुवातीला बरोबर आणि तासाभरात दोन-अडीच मिनिटांचा फरक पडला, तर कळा दाबून काही होणार नाही. सबटायटल २५ फ्रेमच्या प्रतीचं आहे आणि सिनेमा २३.९७६ चा. जिथे टीव्हीचं प्रसारण २५ फ्रेमचं, तिथे सिनेमा ४ टक्के वेगाने पळवायचे, शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत. आवाजही जरा चढा व्हायचा. सबटायटल एडिटरमध्ये 'फ्रेम रेट बदला' असा पर्याय असतो, तिथे २५ वरून २३.९७६ करून साठवा.

देवनागरी सबटायटलच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर फाईल नोटपॅडमध्ये उघडा, मजकूर तिथे नीट दिसला की 'सेव्ह ॲज' मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. नोटपॅडमध्येही प्रश्नचिन्हंच असतील तर अक्षरं आधीच गेलीत, फाईल नवी घ्या. स्वतः सबटायटल करणाऱ्यांसाठी: एसआरटी या सबटायटल-फाईलीत सेकंद आणि मिलिसेकंदांच्या मध्ये स्वल्पविराम लागतो, टिंब नाही, आणि वेळेच्या ओळीत देवनागरी आकडे चालत नाहीत. ओळी दोनच, आणि कितीही छोटं वाक्य असलं तरी पाऊण सेकंदाच्या आत काढू नका. डोळा खाली जाऊन वर यायला तेवढा वेळ लागतोच.

खिडकीजवळची_खुर्ची
मूकपट बघताना सगळे धावत असल्यासारखे दिसतात, तेही असंच काही का? विषय सोडून विचारतेय.

रीळबदल
सोडून कुठे, तोच विषय आहे. मूकपटांना एक वेग ठरलेला नव्हता. कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला १६ ते २० फ्रेम, कधी जास्त. २४ हा आकडा पक्का झाला तो बोलपटामुळे, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, कारण आवाजाची पट्टी वेग बदलला की लगेच बेसूर होते. १६ फ्रेमने घेतलेलं २४ ने चालवलं की सगळं दीडपट वेगाने पळतं. तेव्हाचे लोक तसे चालत नव्हते. नीट जपलेल्या नव्या प्रतींत वेग सुधारलेला असतो. त्या मिळाल्या तर बघाच, अभिनय वेगळाच कळतो.

पाचवी_रांग
थिएटरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आवाज साधारणपणे पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे, मधोमध बसलेल्या माणसासाठी लावलेला असतो. तिथली खुर्ची घ्या. पडद्याचा उजेड ४८ निट असायला हवा. थ्रीडीची भिंग-जोडणी न काढता साधा सिनेमा लावला तर तो बराच उतरतो, आणि आवाजाची कळ ७ वर हवी ती तक्रारींमुळे पाचच्या आसपास नेलेली असते. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन सांगा. "अंधार आहे" एवढंच म्हणू नका, "थ्रीडीचं भिंग लावलेलं राहिलंय का बघता का" असं विचारा. नेमकं विचारलं की माणूस उठून बघतो.

पायरी_पायरीने
परत आलो. जुना ४:३ (कमी रुंद चित्राचा) सिनेमा पडदाभर ताणू नका आणि झूमही नको. झूम केला की उंचीचा पाव भाग कापला जातो, तो बहुधा कपाळ आणि हनुवटीचा. आणि टीव्हीत 'ओव्हरस्कॅन' (चित्राच्या कडा कापणारं सेटिंग) बंद करा, काहींत त्यासाठी 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडावं लागतं.

मधला_स्पीकर दादा, ३.१ चा बार आणलाय. टीव्हीला एचडीएमआयची चार भोकं आहेत, कुठल्यात घालू?

मधला_स्पीकर
ज्याच्या शेजारी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय त्यात. बहुधा एकच असतं. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' (जोडलेली यंत्रं एकमेकांना चालवतात ते) चालू करा, आउटपुट एचडीएमआय निवडा. आणि आता बारला मधला स्पीकर आहे, तेव्हा वर सांगितलेलं पीसीएम काढून 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' करा, नाहीतर त्याच्यापर्यंत दोनच वाहिन्या पोचतील.