साठ मैल चालून जमवलेला पैसा संशोधनाला किती उपयोगी पडतो?

मृण्मयी (सॅन दिएगो): बहीण सुझन हिचे १९८० मध्ये स्तनांच्या कर्करोगाने निधन झाल्यावर नॅन्सी ब्रिंकर यांनी १९८२ साली जी संस्था स्थापन केली, त्या, या रोगावरील संशोधनाला निधी देणाऱ्या कोमेन संस्थेच्या पदयात्रेत मी यंदा तिसऱ्यांदा चालणार आहे. तीन दिवसांत ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, चालायचे आणि त्यासाठी प्रत्येकाने किमान २,३०० डॉलर जमवायचे, असा नियम आहे. “पैसेच द्यायचे तर घरी बसून चेक पाठव, पाय कशाला झिजवतेस?” असे माझे सासरे दर वर्षी विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

घरी बसून मी फार तर २०० डॉलर दिले असते. उरलेले लोकांकडे मागावे लागले आणि मागायचे म्हणजे आजाराचे नाव घ्यावे लागले. पहिल्या वर्षी सांगलीच्या आत्याला फोन केला, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “आईचं छातीचं दुखणं म्हणायचो ना, ते हेच होतं गं. पदराआड झाकून ठेवलं तिनं.” आजी कशाने गेली, हे आमच्या घरात इतकी वर्षे कोणी उच्चारले नव्हते. या रोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए नावाच्या जनुकांतील दोष वडिलांकडूनही मुलीत येऊ शकतो आणि मी मात्र दवाखान्याच्या अर्जावर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात दर वेळी ‘नाही’ असेच लिहीत आले होते.

श्रीधर (पुणे): मृण्मयीताई, आत्यांनी तोंड उघडले ही मोठीच गोष्ट आहे, परंतु संशोधन निधीच्या ताळेबंदात ती जमेस धरता येणार नाही. मी लेखापरीक्षक आहे, त्यामुळे माझे लक्ष आधी खर्चाकडे जाते. मुक्कामाचे तंबू, तीन दिवसांचे जेवण, फिरती स्वच्छतागृहे, विमा, थकलेल्यांना उचलून नेणाऱ्या गाड्या हे सर्व देणगीदाराच्या पैशातून अथवा प्रायोजकाच्या कृपेने येते, आणि प्रायोजकाला बदल्यात स्वतःच्या मालावर गुलाबी फीत, म्हणजे या रोगाविषयीच्या जागृतीची खूण, हवी असते. १९९८ मध्ये सांता बार्बरा ते लॉस एंजेलिस अशी ॲव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची पहिली तीन दिवसांची यात्रा निघाली. पुढे खर्चावरून टीका झाली आणि २००२ मध्ये ॲव्हॉनने डॅन पॅलोटा यांच्या आयोजक कंपनीशी असलेले संबंध संपवले. कोणी वारीचा दाखला देईल, म्हणून आधीच लिहितो: वारकरी पंढरीच्या वाटेवर कोणाकडून किमान रक्कम गोळा करीत नाही. तुम्ही करता, म्हणून हिशेब देणे लागता.

मृण्मयी: हिशेब द्यायलाच हवा, हे मान्य. पण पॅलोटा यांनी नंतर जाहीर व्याख्यानात जे सांगितले, तेही विचारात घ्या: त्यांना दूर केल्यावर संशोधनासाठी हाती उरणारी रक्कम एका वर्षात ८४ टक्क्यांनी घटली.

श्रीधर: तो आकडा ज्यांचा व्यवसाय बुडाला, त्यांनीच दिलेला आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण तेवढ्यावर निकालही देता येत नाही.

वैशाली (मुंबई): आपण दोघेही किती पैसे उरले यावर अडकला आहात, ते कोणत्या प्रश्नावर खर्च होतात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली टाटा मेमोरियलने भारतातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर एक अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेनचे, म्हणजे दात काढताना देतात तशा भूल देण्याच्या साध्या औषधाचे, इंजेक्शन दिले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४, तर दिलेल्यांत ९०.१ टक्के होते. हे औषध इतके स्वस्त आणि जुने आहे की त्यावर पैसा लावण्यात कोणत्याही कंपनीला नफा नाही. अशाच प्रश्नांसाठी देणगीचा पैसा लागतो, म्हणून चालण्याला माझा विरोध नाही, पण देणारा चालणाऱ्याला फक्त “किती मैल?” एवढेच विचारतो, याला आहे.

सुनीता (न्यू जर्सी): माझा आजार हाडांत पसरला असून औषधे आता जन्मभर चालतील. दोन वर्षांपूर्वी मी अशा एका यात्रेत जमेल तेवढी चालले. टाचेला आलेल्या फोडावर पट्टी लावायला बसले, तर शेजारच्या बाईंनी स्वतःचे मोजे काढून दिले. तो जिव्हाळा मी विसरणार नाही. मात्र संध्याकाळी व्यासपीठावर बऱ्या झालेल्यांचा सत्कार झाला, दिवंगतांची नावे वाचली गेली, आणि आमच्यासारख्यांना, ज्या बऱ्याही नाहीत आणि गेलेल्याही नाहीत, कोणत्या रांगेत उभे राहायचे हे समजेना. या रोगाने बहुतेक बायका दगावतात त्या तो शरीरात इतरत्र पसरल्यामुळे. श्रीधर, हिशेब मागणार असाल तर खर्चाच्या टक्क्यांसोबत हेही विचारा, की जमलेल्यातले किती पसरलेल्या आजारावरच्या संशोधनाला गेले. मृण्मयी, यंदा आत्याला फोन करशील तेव्हा तिलाही ते सांग.

मृण्मयी: सुनीताताई, संस्थेला आजच पत्र लिहिते आणि उत्तर येईल ते येथे जसेच्या तसे देते. ते येईपर्यंत कोणाकडे पैसे मागणार नाही. चालण्याचा सराव तेवढा सुरू ठेवते.