साडेनऊ लाख कर्ज, पगार ४७ हजार. आधी कुणाचं फेडू?

अडकलोय_मोशी

मंडळी, नवीन आयडी काढलाय कारण जुन्या आयडीवर ओळखीचे लोक आहेत. वय ३६, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात ४७,५०० येतात. बायको, मुलगी दुसरीत, आईवडील गावी, सातारा जिल्ह्यात.

सुरुवात वडिलांच्या बायपासपासून झाली, मेडिक्लेमची लिमिट संपली म्हणून पर्सनल लोन घेतलं, मग बहिणीचं लग्न, तेव्हा गावातल्या एकाकडून एक लाख उचलले पाच टक्क्यांनी, महिन्याला बरं का, वर्षाला नाही. पण खरं सांगायचं तर सगळंच काही दवाखाना आणि लग्न नाहीये, साठ हजाराचा फोन पण त्यातच आहे, नो कॉस्ट ईएमआय दिसला की हात थांबत नव्हता.

हिशोब आज पहिल्यांदा एका जागी लिहितोय. पर्सनल लोन टॉप-अप धरून ३,८०,००० बाकी, हप्ता १३,२००. दोन क्रेडिट कार्डं, एकावर १,४२,००० आणि दुसऱ्यावर ८६,०००, दोन्हीचं मिनिमम भरतो ते मिळून ११,४००. पतसंस्थेचे १,६०,०००, हप्ता ६,०००, जामीनदार माझा शिफ्टमधला मित्र. सावकाराचे १ लाख, २२ महिने नुसतं व्याज ५,००० देतोय, मुद्दल तसंच. त्याच्याकडे माझे सही केलेले दोन कोरे चेक आणि स्टॅम्प पेपर आहे. घरभाडं ९,५००. म्हणजे महिन्याला २,४०० उरतात, त्यात तीन माणसं जेवणार कशी, म्हणून लोन अॅप घेतले, एकाचं फेडायला दुसरं, आता चार आहेत, ७४,०००. ते अॅपवाले रोज पंचवीस-तीस फोन करतात, काल एकाने मेव्हण्याला फोन केला आणि मला म्हणाला पोलीस उचलून नेतील.

बायकोला पर्सनल लोन सोडून काहीच माहीत नाही. रात्री झोप नाही, डोक्यात काहीही येतं. जो जास्त ओरडतो त्याला आधी देतो अशी पद्धत झालीये. कुणी यातून बाहेर पडलंय का?

सडेतोड

राग मानू नका पण अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात. ४७ हजारात साठ हजाराचा फोन?

माजी_वसुलीवाला

सडेतोड, तो अंथरूण विकून बसलाय, आता ती म्हण त्याच्या काय कामाची.

मोशीकर, मी आठ वर्षं बँकेच्या वसुलीत काढलीत, आता सोडलं. तुम्ही जे शेवटच्या ओळीत लिहिलंय ना, जो ओरडतो त्याला आधी, आम्हाला ट्रेनिंगच त्याचं असतं. ओरडणारा सगळ्यात कमी काही करू शकतो म्हणून ओरडतो. ज्याच्या हातात खरंच काही आहे तो गप्प बसतो, उदा. तुमचा सावकार.

पोलीस वगैरे काही नाही. कर्ज थकणं हा दिवाणी मामला. पण "काहीच होत नाही" म्हणून जे लोक सांगतात ते पण अर्धंच खरं, चेक बाउन्स झाला तर कलम १३८ खाली फौजदारी केस होते आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून ऑटो डेबिटचा हप्ता बाउन्स झाला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे. म्हणून हप्ता चुकणार असेल तर आधी लेखी ईमेल टाका, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, नुसतं तोंड लपवू नका. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांश रकमेला हात लावता येत नाही. आणि पगार जर त्याच बँकेत होत असेल जिथे लोन किंवा कार्ड आहे, तर एचआरला सांगून पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत हलवा, नाहीतर एखाद्या महिन्यात खात्यावर लिअन लागतो, म्हणजे बँक पैसे अडकवून ठेवते, आणि पगाराच्या दिवशी दूध आणायला पैसे नसतात, हे मी स्वतः लोकांचं होताना बघितलंय.

वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सांगितलंय. रेकॉर्डिंग ठेवा, आधी बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागाला मेल, ३० दिवसात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, नंबर १४४४८, फी नाही.

अॅपचं म्हणाल तर प्रत्येकाच्या मागे कुठली फायनान्स कंपनी आहे ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर २०२५ पासून अॅपची यादी आहे. मागे कुणीच नसेल तर ते लोन नाही, लुबाडणूक आहे, फोटो एडिट करून पाठवायची धमकी आली की १९३० ला, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, तक्रार. मेव्हण्याला आणि जवळच्या दहा जणांना आजच मेसेज टाका की माझ्या नावाने घाण फोन येतील, ब्लॉक करा. तुमच्या लपवण्यावरच त्यांचा धंदा चालतो.

कार्डाचा हिशोब करून बघा. २,२८,००० वर महिना साडेतीन टक्के म्हणजे ७,९८०, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ९,४१६. तुम्ही भरता ११,४००. म्हणजे दोन हजारसुद्धा मुद्दलात जात नाहीत.

मी असतो तर क्रम असा लावला असता: घरचं रेशन आणि भाडं, मग पतसंस्था, कारण ते चुकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढून मित्राच्या पगारापर्यंत जातात आणि मित्र गेला तर परत येत नाही. मग पर्सनल लोन. कार्डाला फोन करून थकलेली रक्कम हप्त्यात बदलून मागा, व्याज बरंच खाली येतं. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत मिटवणं, हा शेवटचा उपाय, सिबिलवर "सेटल्ड" असा शिक्का सात वर्षं राहतो, आणि केलीच तर पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका, फोनवरच्या शब्दाला किंमत नाही. आधी फी घेऊन "कर्जमुक्त करतो" म्हणणाऱ्या एजन्सीला तर दारात उभं करू नका.

आणि ते डोक्यात काहीही येतं लिहिलंय, ते हलक्यात घेत नाही मी. टेलिमानस १४४१६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे, रात्री पण चालू असतो. आज करा.

कृष्णाकाठची

दादा, सावकाराबद्दल मी सांगते, माझ्या भावाने हे भोगलंय.

पहिलं म्हणजे त्याच्याकडे लायसन आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था या ऑफिसात विचार. नसणारच. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परवानावाल्यालासुद्धा बिनतारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ आणि इतरांकडून १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, तू वर्षाला ६० देतोयस! आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम, तो या कायद्यातही आहे. तू २२ महिन्यात १,१०,००० दिलेस म्हणजे व्याजाची हद्द कधीच ओलांडली.

पैसे रोख दिलेस की फोनपेने? ऑनलाइन असतील तर स्टेटमेंट काढ. कोऱ्या कागदावर आणि चेकवर सह्या घेणं हेच कायद्यात बसत नाही, आमच्या वेळी त्या माणसाच्या घरी छापा पडला तेव्हा कपाटात अख्ख्या वाडीचे स्टॅम्प निघाले. पण तू तक्रार करायच्या आधी त्याने चेक बँकेत टाकला तर उगाच १३८ च्या भानगडीत वकील शोधत बसशील, म्हणून उशीर नको.

गोड गोड नाही सांगणार. भावाशी गावातले निम्मे लोक वर्षभर बोलत नव्हते, "अडीनडीला उभा राहिला त्याच्यावरच उलटला" म्हणून. तुझे आईवडील तिथे राहतात, त्यांना विचारून, निदान सांगून कर. तालुक्याला जमलं नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येतं.

टोपीफिरवे

मी बाहेर पडलोय. अकरा लाख होते, साडेचार वर्षं लागली. याची टोपी त्याला आणि त्याची टोपी याला, हा खेळ मी कार्ड घासून कॅश काढून खेळायचो, दुकानदार त्यात पण अडीच टक्के खायचा.

वरच्यांनी सगळं सांगितलंय, मी एकच घालतो, बायकोला आज सांगा. भावनेचं नाही म्हणत, हिशोबाचं म्हणतोय. घरात सोनं असेल तर कार्ड आणि अॅप मिळून ३,०२,००० आहेत, तेवढं गोल्ड लोन वर्षाला १२ टक्क्यांनी धरलं तरी व्याज महिना ३,०२०. कुठे साडेनऊ हजार अधिक अॅपचं, कुठे तीन हजार. पण सोनं तिचं आहे, तिला न सांगता कपाटातून काढलंत तर ते कर्जापेक्षा वाईट (मी काढलं होतं. सासरेबुवांनी पंचायत बसवायची तेवढी बाकी ठेवली होती).

आणि कार्ड शून्य झालं की त्याच दिवशी कात्रीने कापा आणि बँकेकडून बंद झाल्याचं पत्र घ्या. माझं पहिल्यांदा नेमकं इथेच चुकलं, कार्ड रिकामं झालं, दिवाळी आली, आणि आठ महिन्यांनी सोनं पण गहाण आणि कार्ड पण भरलेलं.

नादारी जाहीर करता येते का असं मीही वकिलाला विचारलं होतं. दिवाळखोरीच्या नव्या कायद्यातला साध्या माणसासाठीचा भाग अजून लागूच केलेला नाही, जुना १९२० चा कायदा आहे पण त्यात कोर्टाच्या चपला झिजतात, त्या नादी लागलो नाही. कार्डाचा एक मामला लोकअदालतीत मिटवला, तिथे झालेली तडजोड अंतिम असते, अपील नाही, म्हणून सही करायच्या आधी आकडा नीट वाचा.

अडकलोय_मोशी

चार दिवसांनी लिहितोय. त्या रात्री १४४१६ ला फोन केला, पंधरा-वीस मिनिटं बोललो, समोरच्या बाईंनी फक्त ऐकून घेतलं पण झोप लागली.

रविवारी बायकोला वही दाखवली. ती आधी म्हणाली, फोन आला की तू गॅलरीत जातोस, मला वाटलं दुसरी कोणीतरी आहे. म्हणजे पहिली पाच मिनिटं तिला बरंच वाटलं असेल, मग आकडा वाचला आणि दोन दिवस बोलली नाही. काल पाटल्या टेबलावर ठेवल्या, म्हणाली गहाण ठेवायच्या, विकायच्या नाहीत, आणि पावती माझ्याकडे राहील. तिची २,००० ची भिशी आहे हे मला माहीतच नव्हतं, बारा बायका, तिचा नंबर फेब्रुवारीत. म्हणजे लपवणारा घरात मी एकटा नव्हतो.

चारपैकी दोन अॅपच्या मागे कंपनीच नाही, १९३० ला तक्रार टाकलीये. मित्राला पण सांगितलं, तो म्हणाला पतसंस्थेचा हप्ता पगाराच्या दिवशी माझ्यासमोर भरायचा, कबूल केलं. फोन विकायला टाकलाय, सडेतोड भाऊ, २१ हजार म्हणतायत.

@कृष्णाकाठची ताई, शेवटचे ९ महिने फोनपेने दिलेत, त्याआधीचे रोख. वडील आधी नको म्हणत होते, मग आईच म्हणाली जा म्हणून. सोमवारी रजा टाकलीये. अर्ज साध्या कागदावर चालतो का, की कुठला फॉर्म असतो?

कृष्णाकाठची

आम्ही साध्या कागदावरच दिला होता. तारखा आणि रकमा सगळ्या लिही, रोख दिलेले पण लिही, स्टेटमेंट जोड. दोन कॉपी ने आणि एकीवर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बाकावर बसून राहा.