मदत हवी आहे: रन खोटा आहे हे सिद्ध कसं करायचं?? आज रात्री सांगायचंय

कळव्याचं_कासव, रात्री ९:१२
लोकहो अर्जंट आहे. आमच्या स्पीडरन ग्रुपच्या (गेम कमीत कमी वेळात संपवायचा, त्या खेळीला रन म्हणतात) शीटवर एकाने काल रन टाकलाय, व्हिडिओत मधेच आवाज तुटतो आणि ८-१ लेव्हलचा शेवटचा झेंडा पकडल्यापासून ८-२ सुरू होईपर्यंतचा एक तुकडाच गायब आहे. सरळ सरळ जोडकाम आहे. मी मॉड, म्हणजे रन तपासून पास करणारा, दुसरा मॉड गणपतीला गावी गेलाय आणि त्याच्या वाडीत विहिरीपाशी जाऊन उभं राहिलं तर एक कांडी नेटवर्क. डिस्कॉर्डवर सगळे माझ्या नावाने शंख करतायत की रन पेंडिंग का. कुठलं सॉफ्टवेअर आहे का जे सांगतं की व्हिडिओ जोडलाय म्हणून? लवकर सांगा.

पाइपात_पडलो, ९:१५
गेम कुठला?

ऐरोली_नाइटशिफ्ट, ९:१६
गेम कुठला, कॅटेगरी कुठली, टाईम कुठून कुठपर्यंत मोजता, किती एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) व्हिडिओ, एम्युलेटर (कॉम्प्युटरवर जुना गेम चालवणारं सॉफ्टवेअर) की कन्सोल. यातलं एकही लिहिलं नाहीस आणि लवकर सांगा.

कळव्याचं_कासव, ९:१९
८-१, ८-२ म्हटल्यावर कुठला असणार भाऊ. मारिओ, पहिला. एनी परसेंट, म्हणजे कसाही संपवायचा, लेव्हल गाळल्या तरी चालतं. एम्युलेटर. ग्रुपमधला आधीचा रेकॉर्ड ५:१३.६०, हा म्हणतो ५:१०.१. एका रात्रीत साडेतीन सेकंद!! कालपर्यंत हा ५:२० च्या खाली येत नव्हता.

घोडबंदरचे_काका, ९:२४
तुम्हा मुलांचं कौतुक वाटतं. आम्ही पंच्याण्णव साली कॉलनीत टीव्ही गेम आणला होता, ९९९९ इन १ ची कॅसेट, फुंकर मारून लावायची. मी मारिओ साडेचार मिनिटांत संपवायचो, बिल्डिंगमधली पोरं बघायला यायची. तेव्हा कोणी व्हिडिओ मागितला नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट, ९:२७
काका, पायांना नमस्कार, पण ४:५५ च्या खाली जायला सगळ्या जगाला २०२१ उजाडलं. आणि आपल्याकडचे ते टीव्ही गेम बहुतेक ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० फ्रेम) चालायचे, मूळ गेम ६० चा. म्हणजे तुमचा मारिओ मुळातच हळू पळत होता. खरं-खोटं करायचं असेल तर ८-१ मधे वर टाईम २९० वरून २५० होईपर्यंत घड्याळ लावा. एक आकडा २४ फ्रेमचा, ४० आकडे १६ सेकंदात पडले तर ६० हर्ट्झ, १९ च्या वर गेले तर ५०.

घोडबंदरचे_काका, ९:३१
ती कॅसेट आमच्या हिने भंगारात दिली. घड्याळ कशाला लावू.

निदरची_गल्ली, ९:३३
कासवा, तू ड्रीम नावाच्या माइनक्राफ्ट यूट्यूबरची केस वाच आधी. २०२० च्या डिसेंबरात माइनक्राफ्टच्या मॉड लोकांनी २९ पानी रिपोर्ट काढला होता. गेम संपवायला लागणाऱ्या वस्तू याला नशिबापेक्षा फार जास्त मिळत होत्या: २६२ वेळा सोनं टाकून ४२ वेळा पर्ल, जिथे बारा-तेरा वेळा मिळायला पाहिजेत. वर ब्लेझ नावाचे राक्षस ३०५ मारून २११ वेळा रॉड. त्यांचा हिशोब साडेसात लाख कोटीत एक. त्याने आधी खूप आरडाओरडा केला आणि पुढच्या मे महिन्यात स्वतःच सांगितलं की मॉड चालू होता. गेममधला मॉड, म्हणजे गेममधे केलेला फेरफार, तू नाही. तूपण असाच गणिताने धर.

पाइपात_पडलो, ९:३६
अरे मारिओत सोनं टाकून पर्ल मिळतात का? तिथे नशीब मोजायचं होतं म्हणून गणित लागलं. इथे मधला तुकडाच गायब आहे, त्यात शक्यता कसली काढणार.

निदरची_गल्ली, ९:३७
५:२० वरून ५:१० येण्याची शक्यता काढा ना.

पाइपात_पडलो, ९:३८
काढ तू. आम्ही जेवून येतो.

वेव्हफॉर्म_विनायक, ९:४४
ऑडॅसिटी. आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. व्हिडिओचा आवाज टाक, स्पेक्ट्रोग्राम व्ह्यू लाव, आवाजाचं चित्र दिसतं. जिथे कापलंय तिथे वरपासून खालपर्यंत सुरी फिरवल्यासारखी उभी रेघ दिसते. मी आजवर तीन रन असेच पकडलेत, दुसऱ्या गेमचे. आवाज खोटं बोलत नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट, ९:४७
विनायक, रेघ दिसली तर एवढंच कळतं की आवाज तुटला. कोणी तोडला ते नाही कळत. नेट गेलं तरी तशीच रेघ.

वेव्हफॉर्म_विनायक, ९:४८
नेटचा इथे काय संबंध, रेकॉर्डिंग आहे ना.

ऐरोली_नाइटशिफ्ट, ९:४९
तेच विचारायचंय. कासव, व्हिडिओ लाईव्ह स्ट्रीमचा आहे का रेकॉर्डिंग?

कळव्याचं_कासव, ९:५५
स्ट्रीमचा. आमच्यात सगळे स्ट्रीमचाच टाकतात. तो म्हणतो त्या वेळी कोपरखैरणेला लाईट गेली होती, पण ते काय कोणीही म्हणेल.

ऐरोली_नाइटशिफ्ट, ९:५९
अरे देवा!! हे पहिल्या पोस्टमधे लिहायचं ना. लाईट गेली की राउटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालूच. स्ट्रीम तुटली आणि परत जोडली तर मधले सेकंद त्या व्हिडिओत येतच नाहीत बऱ्याचदा. म्हणजे व्हिडिओ खऱ्या रनपेक्षा छोटा झाला, आणि त्यावरून टाईम मोजलास तर तो आपोआप कमी भरणार. ५:१० आलाय तो तिथूनच असेल. पोराने काही केलं असेलच असं नाही.

कळव्याचं_कासव, १०:०२
आणि राउटर इतक्या पटकन चालू होतो का? मला खुळा समजता?

पाइपात_पडलो, १०:०६
जेवून आलो. राउटरला छोटा यूपीएस असेल, नाहीतर लॅपटॉपने मोबाईलचं हॉटस्पॉट पकडलं असेल. विचारलंस का त्याला? आणि एक सांग, झेंडा पकडल्यापासून ८-२ मधे मारिओ हलेपर्यंत त्याच्या व्हिडिओत किती सेकंद आणि ५:१३.६० वाल्या रनमधे किती?

कळव्याचं_कासव, १०:१४
त्याच्यात सहाच्या आसपास, जुन्यात नऊच्या थोडं वर.

पाइपात_पडलो, १०:१६
झालं मग. तीन-सव्वातीन गायब. ते मिळव ५:१०.१ मधे, ५:१३ पॉइंट काहीतरी येतं. चमत्कार वगैरे काही नाही, जुन्या रेकॉर्डच्या आसपासचाच रन आहे.

वेव्हफॉर्म_विनायक, १०:१८
असं मिळवता येत नाही. झेंड्यानंतर उरलेल्या टाईमचे पॉइंट मोजले जातात, जितका टाईम उरला तितका वेळ जास्त. शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर फटाके फुटतात तो वेळ वेगळा. दोन रनमधला मधला वेळ सारखा धरणं चूक आहे.

पाइपात_पडलो, १०:२०
फटाके फुटले असते तर तो रन रेकॉर्डच्या आसपास आला नसता. पण हो, अंदाजच आहे माझा.

लॅपटॉप_तापतोय, १०:२१
मधेच विचारतो सॉरी, आठ जीबी रॅमवर ओबीएस (स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) चालेल का? माझा क्रोम उघडलं तरी विमानासारखा आवाज करतो.

ऐरोली_नाइटशिफ्ट, १०:२५
चालेल, क्रोम बंद कर. कासव, ओबीएसमधे स्ट्रीम चालू असताना शेजारी लोकल रेकॉर्डिंग पण चालू ठेवता येतं. नेट गेलं तरी त्या फाईलला काही होत नाही. त्याच्याकडे फाईल असेल तर माग, विषय संपला. नसेल तर रन घेऊ नका, पण कारण लिहा ‘पुरावा अपुरा’. ‘खोटा’ असं लिहू नका. फार फरक आहे दोन्हीत.

निदरची_गल्ली, १०:२८
मला एक कळत नाही, ५:१३.६० कोणाचा आहे? कासव ‘जुना रन, जुना रन’ करतोय.

कळव्याचं_कासव, १०:३९
त्याने काय फरक पडतो

निदरची_गल्ली, १०:४०
कोणाचा आहे?

कळव्याचं_कासव, १०:४६
माझा.

पाइपात_पडलो, १०:४७
🙏

वेव्हफॉर्म_विनायक, १०:४८
हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं रे. मी तुझ्यासाठी अर्धा तास ऑडॅसिटीची बाजू लढवतोय.

कळव्याचं_कासव, १०:५३
मला वाटलं माहितीये सगळ्यांना, ग्रुपमधे तरी माहितीये. आणि मी रन उडवलेला नाहीये, पेंडिंग ठेवलाय फक्त. शीट मी बनवली, नियम मी लिहिले, दीड वर्ष रात्री जागून एकेकाच्या रनच्या फ्रेम मोजल्या, यूट्यूबवर पॉज करून स्वल्पविरामाचं आणि पूर्णविरामाचं बटन दाबून दाबून. तेव्हा कोणी आभार नाही मानले. आता एकदा संशय घेतला तर मीच वाईट.

ऐरोली_नाइटशिफ्ट, १०:५८
संशय घेणं तुझं कामच आहे, वाईट वाटून घेऊ नको. बिनव्हिडिओचे आकडे लोकांनी वर्षानुवर्षं मानलेत, ड्रॅगस्टर या जुन्या अटारी गेमचा ५.५१ सेकंदांचा रेकॉर्ड पस्तीस वर्षं टिकला, कारण कोणी तपासलंच नाही. शेवटी गेमचा कोड बघून कळलं की ५.५७ च्या खाली जाताच येत नाही, मग २०१८ मधे काढला. पण तुझाच रेकॉर्ड मोडत असेल तर निकाल तू द्यायचा नाही. गावच्या मॉडला फोन लाव, नाहीतर ग्रुपमधला तिसरा कोणी धर.

घोडबंदरचे_काका, ११:०४
सोसायटीच्या निवडणुकीत पण असंच झालं होतं. अर्ज तपासणारा स्वतःच उमेदवार. मी आक्षेप घेतला तर दोन वर्षं माझ्या गाडीला पार्किंग नाही.

पाइपात_पडलो, ११:१०
तोवर एक बघ. मारिओत लेव्हल संपली की पुढची कधी सुरू होणार हे दर २१ फ्रेमनेच ठरतं. ०.३५ सेकंद. ठाण्याहून वाशी लोकल पकडल्यासारखं आहे, फलाटावर धावत आलास काय नि चालत आलास काय, गाडी तिच्या टायमालाच सुटणार, फक्त एक चुकली की पुढची. त्यामुळे शेवटची ८-४ सोडून बाकी लेव्हलमधे फरक ०.३५ च्या पटीतच पडायला पाहिजे. फाईल आली की प्रत्येक लेव्हलची सुरुवात लिहून काढ, तुझ्याशी लाव. जोडकाम करणाऱ्याला हे जमवणं जड जातं.

निदरची_गल्ली, ११:१२
ठाणे-वाशी टायमाला सुटते हे कोणी सांगितलं तुला.

कळव्याचं_कासव, दुसऱ्या दिवशी दुपारी १:२०
फाईल आहे त्याच्याकडे. दोन जीबीच्या वर, त्याच्या नेटवर जाईना, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन सकाळी ठाण्याला आला. फलाट ९ वर पंख्याखालच्या बाकड्यावर बसून बघितली दोघांनी. गावच्या मॉडला विहिरीपाशी उभं केलं होतं, तो फोनवर आकडे लिहून घेत होता आणि मधेमधे ‘आरती सुरू होतेय लवकर करा’.

८-१ चा झेंडा, किल्ला, काळा स्क्रीन, सगळं आहे. माईक चालू होता त्याचा. झेंडा पकडताना मागे पंख्याची घरघर आहे, ती हळूहळू खाली खाली येत बंद होते आणि आतून त्याची आई ओरडते ‘गेली गं गेली’. आणि हा गडी तसाच खेळतोय, ८-२ सुरू झालं तेव्हा खोलीत अंधार आहे हे त्याच्या श्वासावरून कळतं. मी दोनदा मागे नेऊन ऐकलं.

५:१३.२५. गावच्या मॉडने पास केला, मी नाही. एका गाडीने मागे राहिलो. ४-२ मधे त्याने एक गाडी आधीची पकडलीय, बाकी सगळीकडे सारखं.

शीटवर नियम टाकलाय की पहिल्या तीनात यायचं असेल तर लोकल रेकॉर्डिंग पाहिजे, आणि स्वतःचा नंबर हलत असेल तर त्या मॉडने हात लावायचा नाही.

वेव्हफॉर्म_विनायक, १:३१
म्हणजे शेवटी आवाजानेच सुटलं की नाही?

ऐरोली_नाइटशिफ्ट, १:३३
हो विनायक. हो.

पाइपात_पडलो, १:४०
फलाटावर कशाला बसलात, मामलेदारला मिसळ खात मोजायचं ना.

कळव्याचं_कासव, १:४४
तिखट हाताने पूर्णविराम दाबू का. आणि ४-२ चा पाइप कोणाला नीट येत असेल तर सांगा, मला तिथे दहातून दोनदाच जमतो. रात्री बसतोय.

घोडबंदरचे_काका, २:०५
उल्हासनगरला जुना डबा टीव्ही आणि कॅसेट मिळते का कोणाला माहिती आहे? घड्याळ आहे माझ्याकडे.