सोसायटीत रॉटवायलरला बंदी घालावी का?

मृण्मयी_सिंहगडरोड:
आमच्या सभेत रविवारी ठराव येतोय, रॉटवायलर आणि पिटबुल पाळायचे नाहीत. तिसऱ्या मजल्यावर भीम नावाचा रॉटवायलर आहे. सोसायटीच्या ग्रुपवर अमेरिकेचा आकडा फिरतोय: १९७९ ते १९९८ मध्ये कुत्र्यांच्या हल्ल्यात जे मृत्यू झाले, त्यांतल्या २३८ मध्ये कुत्र्याची जात कळली, आणि त्यातले निम्म्याहून जास्त या दोन जातींमुळे. माझी मुलगी सहा वर्षांची. लिफ्टचं दार उघडून आत भीम दिसला की माझा ओढणीचा पदर घट्ट धरते. हात वर करू का?

संजय_के:
बिनधास्त करा. २०२२ मध्ये लखनौला ८२ वर्षांच्या आजी घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात गेल्या. परकं कुत्रं नव्हतं ते.

पशुवैद्य_मिरज:
आकडा खरा आहे, ताई. पण तो मांडणाऱ्यांनीच बजावलंय, की मृत्यू हा एकूण चाव्यांचा अगदी छोटा भाग, त्यावर धोरण बेतू नका. कोणत्या जातीची कुत्री किती, हेच धड माहीत नसताना धोका मोजणार कसा? आपल्याकडे २०२४ मध्ये सुमारे ३७ लाख चावे नोंदले गेले, त्यात जातीचा रकानाच नाही.

माझ्या डाव्या मनगटावर सात टाक्यांची खूण आहे, ती लॅब्रॅडॉरची. दिवसभर गच्चीत हातभर साखळीला बांधलेला, कान पिकलेला, आणि मी नेमका कानालाच हात लावला. तरी एक कबूल करतो: पॉमेरियन चावलं तर दात उमटतात, रॉटवायलर धरून झटका देतो तेव्हा मांस सुटतं. म्हणून संजयरावांची भीती मी उडवून लावणार नाही.

बंदीचा ठराव मात्र टिकणार नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांप्रमाणे बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये काही जातींवर बंदीसाठी काढलेलं पत्रकही कर्नाटक उच्च न्यायालयाने महिनाभरात रद्द केलं. मला एवढंच सांगा, भीमला फिरवतं कोण?

मृण्मयी_सिंहगडरोड:
त्यांचा आठवीतला मुलगा. परवा गेटपाशी मांजर दिसलं तेव्हा पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता, पोरगं चार पावलं फरफटत गेलं.

पशुवैद्य_मिरज:
मग सभेत हेच बोला. पन्नास किलोचं जनावर त्या पोराला आवरणार नाही. मोठ्या माणसाने, आखूड पट्ट्याने न्यावं, लिफ्ट रिकामी असताना. आणि पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, हे त्या मुलाला आजच सांगा.

मृण्मयी_सिंहगडरोड:
संध्याकाळी त्याच्या आईला भेटते, डॉक्टर. सभेच्या आधीच.